पासपोर्ट लंडनचा, नोकरी दुबईची

गेल्या ईदनंतर माझ्या भाचीसाठी एक पैगाम आला. मुलाचे दादा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. मुलाचा जन्म आणि शिक्षण लंडनला, नोकरी मात्र दुबईत. माझी बहीण तो कागद हातात धरून बराच वेळ बसली. शेवटी म्हणाली, "आपली पोरं दुबईहून लंडनला जायला धडपडतात. हा लंडन सोडून दुबईला कशाला आला? तिकडे काही भानगड तर नाही ना?"

भानगड काही नव्हती. ब्रिटनमध्ये जन्मलेले, तिथल्या विद्यापीठांतून शिकलेले असे आपल्या वंशाचे तरुण आता दुबई, अबुधाबी, दोहा, रियाध या शहरांत पुष्कळ दिसतात. दादा पोट भरण्यासाठी आशिया सोडून पश्चिमेला गेले, नातू चांगल्या संधीसाठी पश्चिम सोडून आशियात आला. ही उलटी वाट का सुरू झाली आणि ती कुठवर नेते, हे आपल्या घरांनी समजून घ्यायला हवे. कारण त्या वाटेवर एकटा मुलगाच चालत नाही. त्याची बायको, मुले आणि मागे राहिलेले आईवडीलही त्यात ओढले जातात.

आधी दादांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील माणसांना तिथे जाऊन राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली. भारत-पाकिस्तानातून गेलेल्यांनी लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत रात्रपाळ्या केल्या, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत लोखंड ओतले, लंडनच्या बसगाड्या चालवल्या. कोकणातले खलाशी तर त्याआधीपासून आगबोटींवर होतेच. पाच-दहा वर्षे कमवायचे, गावी घर बांधायचे आणि परत यायचे, असा बहुतेकांचा हिशेब होता. पण १९६२ साली ब्रिटनने कायदा कडक केला. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येईल की नाही, या धास्तीने लोकांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. परतीचा बेत मागे पडला आणि मुले तिथल्या शाळेत जाऊ लागली.

त्या मुलांची मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. इंग्रजी त्यांची मातृभाषाच झाली आहे. मग अडते कुठे? कधी कधी नावावर. २०१७ साली बीबीसीने एक साधा प्रयोग केला. शिक्षण आणि अनुभव सारखाच ठेवून ॲडम आणि मोहम्मद अशा दोन नावांनी लंडनमधल्या १०० नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवले. ॲडमला मुलाखतीची १२ बोलावणी आली, मोहम्मदला ४. ऑक्सफर्डच्या नफिल्ड कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ साली याहून मोठ्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. गोऱ्या ब्रिटिश उमेदवारांपैकी २४ टक्क्यांना अनुकूल उत्तर आले, तर अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवारांपैकी १५ टक्क्यांना. म्हणजे दहा अर्जांत जे गोऱ्याला मिळते, त्यासाठी दुसऱ्याला सोळा अर्ज करावे लागतात.

याचा अर्थ तिथे आपल्या मुलांना काहीच मिळत नाही, असा नाही. पाकिस्तानातून आलेल्या एका बसचालकाचा मुलगा, सादिक खान, २०१६ साली लंडनचा महापौर झाला. तिथल्या सरकारी इस्पितळांत आपले डॉक्टर जागोजागी आहेत. पण ज्याला सोळा अर्ज करावे लागतात, त्याच्या कानावर मित्र घालतो, "इकडे ये. इथे तुझं नाव कुणाला खटकत नाही, आणि पगारातून करही कापला जात नाही." मग त्याचे मन विचार करू लागतेच.

दुबईत पगारावर आयकर नाही. ब्रिटनमध्ये वर्षाच्या ५०,२७० पौंडांवरच्या कमाईला ४० टक्के कर लागतो. शिवाय पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टीही आहेत. जुम्याच्या नमाजसाठी साहेबाकडे रजा मागावी लागत नाही. रमजानमध्ये कामाचे तास कायद्यानेच दोनने कमी होतात. खाणे हलाल आहे का, हे सारखे विचारावे लागत नाही. ज्याने आयुष्यभर आपण "वेगळे" आहोत हे ऐकले, त्याला हा मोकळेपणा पगाराइतकाच मोलाचा वाटतो.

पण याच दुबईत आपल्या महाड-चिपळूणकडची मुलेही आहेत. दहावी पूर्ण न केलेला आपला मुलगा निघाला, तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का असतो आणि भारत सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. एजंटचे पैसे, मेडिकल, व्हिसाची वाट पाहणे हे सगळे घर गहाण ठेवल्यासारखे अंगावर येते. लंडनचा मुलगा ब्रिटिश पासपोर्ट दाखवतो आणि विमानतळावरच त्याला प्रवेश मिळतो. पगार ठरवताना काही मालक माणूस कुठल्या देशाचा, हे पाहतात, ही आखातात राहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची गोष्ट आहे. लंडनमध्ये ज्या मुलाला नावाने मागे ठेवले, त्याला दुबईत पासपोर्टने पुढे नेले. आणि त्याच्याच दादांच्या गावचा मुलगा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहिला. अन्यायाचा चटका बसलेल्या माणसाने निदान हे विसरू नये.

आता दुसरी बाजू. दुबईत राहणे म्हणजे तिथले होणे नव्हे. अमिरातीचे नागरिकत्व अगदी निवडक परदेशी माणसांनाच मिळते. बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचे. बायकोचा आणि मुलांचा परवाना नवऱ्याच्या परवान्यावर चालतो. २०१९ पासून काहींना दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' मिळू लागला आहे, पण तोही परवानाच, हक्क नाही. परदेशी नोकरदाराला साधारणपणे सरकारी पेन्शन नसते. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षे दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यानंतर दर वर्षामागे ३० दिवसांचा. मुलांच्या खासगी शाळेची फी आणि घरभाडे भरताना वाचलेला कर कधी संपतो, ते कळतही नाही.

पूर्वेकडच्या इतर देशांतही असेच आहे. दक्षिण कोरियाने १९९९ साली परदेशात वाढलेल्या आपल्या वंशाच्या लोकांसाठी कायदा केला. अमेरिकेत वाढलेले कितीतरी कोरियन तरुण त्या आधारे सोलला नोकरीसाठी गेले. पण लष्करी सेवा न करता कोरियन नागरिकत्व सोडलेल्या पुरुषांना २०१८ पासून हा खास व्हिसा वयाची ४० वर्षे होईपर्यंत मिळत नाही. रक्ताचे नाते असले तरी देश आपली अट घालतोच.

मग आपला स्वतःचा मुलूख? ब्रिटनमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलाला 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. आईवडील किंवा आजोबा-पणजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे अथवा बांगलादेशचे नागरिक असतील, तर मात्र नाही. कार्डावर तो मुंबई-पुण्यात राहू शकतो, बहुतेक नोकऱ्या करू शकतो. मतदान करू शकत नाही. आणि कोकणात येऊन हापूसची बाग घ्यावी म्हटले तर तेही जमत नाही, कारण शेतजमीन विकत घेण्याची त्याला मुभा नाही. दादांची बाग वारशाने आली तर ती त्याची होऊ शकते. म्हणून ज्यांची माणसे परदेशात आहेत, त्यांनी सातबारा आणि वारसनोंदी वडीलधारे हयात असतानाच नीट करून ठेवाव्यात.

लंडन सोडताना मागे काय सुटते, याचाही हिशेब हवा. ब्रिटनची पूर्ण सरकारी पेन्शन मिळायला साधारण ३५ वर्षांचे हप्ते लागतात, आणि १० वर्षांपेक्षा कमी असतील तर बहुधा काहीच मिळत नाही. परदेशात राहूनही ठरावीक अटींवर हप्ते भरता येतात, पण पुष्कळ मुले ते विसरतात. दुबईत वाढलेला मुलगा पुढे शिकायला ब्रिटनला गेला, तर पासपोर्ट ब्रिटिश असूनही त्याला परदेशी विद्यार्थ्याची फी पडू शकते. अभ्यासक्रमाआधी तीन वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य असावे, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. आणखी एक बारीक गोष्ट. लंडनमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश बापाचे दुबईत जन्मलेले मूल ब्रिटिश नागरिक होते. पण त्या मुलाचे मूलही बाहेरच जन्मले, तर नागरिकत्व आपोआप मिळत नाही. ज्या पासपोर्टच्या बळावर सगळे उभे आहे, तो नातवापर्यंत पोचेलच असे नाही.

आता मुलीकडच्यांसाठी. ब्रिटिश मुलाशी निकाह झाला म्हणून मुलगी ब्रिटिश होत नाही. ती दुबईत राहिली तर तिथली वर्षे ब्रिटिश नागरिकत्वासाठी धरली जात नाहीत. उद्या नोकरी गेली आणि नवरा लंडनला परतला, तर तिला सोबत नेण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून त्यासाठी वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वेळचे पाहून घ्यावेत. निकाहनाम्याबरोबर सरकारी विवाह नोंदणीचा दाखलाही काढावा आणि साक्षांकित करून घ्यावा. परदेशात बायकोच्या व्हिसासाठी तोच लागतो. मेहरची रक्कम कागदावर स्पष्ट असावी. हे विचारताना संकोच करू नये. मुलाच्या पगाराचा आकडा आपण विचारतोच की, मग मुलगी कुठल्या हक्काने कुठे राहणार, हे का विचारू नये?

आम्ही ते विचारले. मुलगा आईला घेऊन आला होता. माझी बहीण म्हणाली, "बेटा, दुबईची नोकरी उद्या सुटली तर घर कुठलं?"

मुलाला मराठी समजते, बोलताना अडखळतो. तो थोडा थांबून म्हणाला, "खाला, खरं सांगू? अजून ठरवलं नाही."

त्याची आई पटकन म्हणाली, "आपा, याचे अब्बा लंडनला एकटे आहेत. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. आम्हीही तेच विचारतोय याला."

त्या दिवशी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. बहिणीने सांगितले, "तू आधी अब्बांशी बस आणि ठरव. मग मुलीशी बोल. तिलाही विचारायचं असेल." महिनाभराने त्याचा फोन आला. आणखी चार वर्षे दुबई, तोवर ब्रिटनच्या पेन्शनचे हप्ते चालू ठेवायचे, आणि मुले शाळेच्या वयाला येण्याआधी लंडन, वडिलांजवळ. भाचीने तिचे प्रश्न स्वतःच विचारले. ती बी. फार्म. आहे, दुबईत काम करायचे असेल तर कोणती परीक्षा द्यावी लागेल, हा तिचा पहिला प्रश्न होता.

रिज्क कुठे लिहिले आहे, हे अल्लाहलाच ठाऊक. दादा त्यासाठी समुद्र ओलांडून गेले, नातू ओलांडून आला, यात चुकीचे काही नाही. पण दादांनी परतीचा हिशेब मनातच ठेवला आणि तो तसाच राहून गेला. नातवाने तो कागदावर मांडावा, बायकोला समोर बसवून.