पायीं पाहण्याचें अरण्य : केनियांतील हेल्स गेट

आफ्रिकेंतील वन्य पशु म्हटले कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. क्षितिजापर्यंत पसरलेलें गवताचें रान, त्यांतून धूळ उडवीत जाणारी मोटार, मोटारींत दुर्बिणी घेऊन बसलेले प्रवासी आणि दूर एखाद्या झाडाखालीं आळसावून पडलेला सिंह. हें चित्र खोटें नाहीं. केनिया व टांझानिया या देशांतील बहुतेक मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत ठराविक जागा सोडल्या तर मोटारीबाहेर पाऊल टाकण्याची मनाई असते, आणि ती योग्यही आहे. परंतु मोटारींत बसून अरण्य नुसतें डोळ्यांना दिसतें. त्याची जमीन पायाला लागत नाहीं, त्याचा वारा अंगाला लागत नाहीं आणि त्याची भीतिही मनाला लागत नाहीं.

ही उणीव भरून काढणारें एक लहानसें राष्ट्रीय उद्यान केनियांतच आहे. नैरोबी शहराच्या वायव्येस सुमारें ९० किलोमीटरांवर, नैवाशा सरोवराच्या दक्षिणेस तें वसलेलें आहे. त्याचें नांव हेल्स गेट, म्हणजे नरकाचें द्वार. १९८४ सालीं स्थापन झालेल्या या उद्यानाचें क्षेत्रफळ अवघें ६८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबई बेटाएवढें आहे. येथें प्रवाशाला पायीं किंवा सायकलवरून, वाटाड्या बरोबर न घेतांही, फिरण्याची मोकळीक आहे. केनियांतील फारच थोड्या राष्ट्रीय उद्यानांत अशी मोकळीक आढळते. ती येथें कां देतां आली, ती घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते आणि ती पुढेंही टिकेल कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा विचार केला म्हणजे या लहानशा जागेचें मर्म ध्यानांत येतें.

प्रथम या भूमीची घडण पाहिली पाहिजे. पूर्व आफ्रिकेंतून दक्षिणोत्तर अशी एक प्रचंड खचदरी गेलेली आहे. पृथ्वीचें कवच येथें दोहों बाजूंना ओढलें जात आहे. वर्षाला कांहीं मिलिमीटर इतक्या मंद गतीनें, परंतु अखंड. कवच ताणलें गेल्यामुळें मधला भाग खचला आणि खालचा तप्त शिलारस पृष्ठभागाच्या जवळ आला. नैवाशा सरोवर व हेल्स गेट हीं दोन्हीं या दरीच्या तळाशीं, तरीही समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० मीटर उंचीवर आहेत. त्यामुळें विषुववृत्त जवळ असूनही येथील पहांट गार असते. जवळच लाँगोनॉट या ज्वालामुखीचें शिखर आहे. त्याची उंची २,७०० मीटरांहून अधिक भरते.

उद्यानाच्या मधून दोन उंच कड्यांमधली एक रुंद वाट जाते व पुढें ती ओल न्जोरोवा नांवाच्या अरुंद घळींत उतरते. आज येथून बारमाही नदी वाहत नाहीं. परंतु ही सारी वाट पाण्यानेंच कोरलेली आहे. कांहीं हजार वर्षांपूर्वीं नैवाशा सरोवर आजच्यापेक्षां पुष्कळ मोठें व खोल होतें आणि त्याचें जादा पाणी याच मार्गानें दक्षिणेकडे बाहेर पडत असे. पुढें हवामान कोरडें झालें, सरोवर ओसरलें आणि ही वाट रिकामी झाली. आज त्या सरोवराला डोळ्यांना दिसेल असा एकही निर्गम नाहीं. तरीही त्याचें पाणी गोडें आहे. याचें कारण असें कीं, तें पाणी जमिनींत झिरपून भूमिगत वाटांनीं निघून जातें व क्षार मागें सांचून राहत नाहींत. या झिरपणाऱ्या पाण्याची हकीकत पुढें पुन्हां येणार आहे.

कड्यांमधील या खिंडीला हेल्स गेट हें नांव मिळालें तें युरोपीय प्रवाशांकडून. १८८३ सालीं गुस्टाव फिशर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि जोसेफ थॉमसन हा स्कॉटिश प्रवासी असे दोघे निरनिराळ्या तुकड्या घेऊन नैवाशाच्या प्रदेशांत आले. मासाई लोकांच्या विरोधामुळें फिशरला येथूनच परत फिरावें लागलें. थॉमसन मात्र पुढें गेला. आज थॉमसनचें नांव एका चपळ हरिणाला आणि फिशरचें नांव उद्यानाच्या प्रवेशाजवळील एका सुळक्याला चिकटलेलें आहे. हा सुळका सुमारें २५ मीटर उंच आहे. ज्वालामुखीच्या नळींत शिलारस गोठला आणि भोंवतालचा मऊ भाग झिजून गेल्यावर तो गाभा उभा राहिला, असें भूगर्भशास्त्र सांगतें. मासाई लोकांची कथा निराळी आहे. सासरीं निघालेल्या मुलीनें मागें वळून पाहूं नये असा दंडक असतां एका नवरीनें माहेराकडे वळून पाहिलें आणि ती जागच्या जागीं शिळा होऊन राहिली, असें तें म्हणतात.

फिशर-थॉमसन यांच्यानंतर थोड्याच वर्षांत या दरींत आगगाडी आली. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग घालण्यांत आला, तो नैवाशावरूनच जातो. त्या कामावर सुमारें ३२,००० मजूर हिंदुस्थानांतून नेण्यांत आले होते आणि त्यांपैकीं सुमारें २,५०० मजुरांना तेथेंच मृत्यु आला. आज जो हिंदी प्रवासी या दरीचें सौंदर्य पाहण्यास जातो, त्याच्या आधीं त्याचे देशबांधव तेथें वेगळ्या कारणानें जाऊन आलेले आहेत, याचें स्मरण त्यानें ठेवावें.

उद्यानाच्या मुख्य फाटकाचें नांव एल्सा. नैवाशाच्या कांठीं राहणाऱ्या जॉय ॲडम्सन या लेखिकेनें वाढविलेल्या सिंहिणीचें तें नांव आहे. या फाटकापासून घळीच्या तोंडापर्यंत सात-आठ किलोमीटरांची सपाट वाट आहे. जवळच भाड्यानें सायकली मिळतात. दोहों बाजूंस तांबूस, उभ्या खांबांची रांग मांडावी तसे फुटलेले कडे आणि मध्यें गवताचें मैदान अशा या वाटेनें जातांना झेब्र्यांचे कळप हमखास भेटतात. लहान थॉमसन हरिणें, त्यांहून मोठीं ग्रँट हरिणें, स्वाहिली भाषेंत ज्याला कोंगोनी म्हणतात तो लांब तोंडाचा कुरंग, शेपटी ताठ उभी करून पळणारे रानडुकराच्या जातीचे वॉर्टहॉग, बाभळीच्या जातीच्या कांटेरी झाडांचे शेंडे खुडणारे जिराफ आणि सर्व कुरंगांत थोराड असा एलंड, हे सारे येथील रहिवासी होत.

पायीं फिरण्याची मोकळीक येथें देतां आली, त्याचें कारण या यादींत जीं नांवें नाहींत त्यांत आहे. हत्ती येथें नाहींत आणि सिंह क्वचित्‌च फिरकतो. बिबळ्या आहे, पण तो लाजरा व निशाचर. खरें भय आहे तें रानरेड्यांचें, विशेषतः कळपाबाहेर पडलेल्या एकट्या म्हाताऱ्या रेड्याचें. त्यामुळें कांहीं साधे नियम प्रत्येकानें पाळावयाचे असतात. झुडुपांच्या दाटींत शिरूं नये. आई व पिलूं यांच्या मध्यें येऊं नये. रानरेडा वाटेवर दिसला तर थांबावें, हळूहळू मागें सरावें आणि वाट त्याची आहे असें समजावें. खाण्याचे पदार्थ उघडे ठेवूं नयेत, कारण बबून वानरें तीं हातांतूनही हिसकावून नेतात.

येथें एक गोष्ट पायीं चालणाराच्या ध्यानीं येते, ती मोटारींतल्या प्रवाशाला सहसा कळत नाहीं. मोटारीला हीं जनावरें सरावलेलीं असतात व तिच्यापासून फारशीं दचकत नाहींत. दोन पायांवर उभी असलेली आकृति मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून ठाऊक आहे. झेब्रा मान वर करतो, कान टवकारतो, आणि ठराविक अंतराच्या आंत पाऊल पडलें कीं सारा कळप एकदम वळतो. तें अंतर किती, हें चालणाराला हळूहळू उमगतें आणि मग तो आपोआप वळसा घालून जाऊं लागतो. परक्याच्या घरीं वागण्याची रीत शिकावी तसाच हा प्रकार असतो.

कड्यांवरही वस्ती आहे. सशाएवढा, बिनशेपटीचा हायरॅक्स नांवाचा प्राणी खडकांच्या फटींत राहतो. दिसण्यांत तो घुशीसारखा असला तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें त्याचें जवळचें नातें हत्तीशीं आहे. त्यालाच भक्ष्य करणारा काळा व्हेरो गरुड याच कड्यांवर घिरट्या घालतो. रूपेल जातीचीं गिधाडें कड्यांच्या कपारींत घरटीं करतात. हाडें उंचावरून खडकावर टाकून फोडणारें व आंतील मगज खाणारें दाढीवालें गिधाडही पूर्वीं येथें घरटें करीत असे. तें आतां येथून नाहींसें झालें आहे.

मैदान संपल्यावर घळ लागते. येथें मात्र स्थानिक वाटाड्या बरोबर असावा. हे वाटाडे बहुधा भोंवतालच्या मासाई वस्त्यांतलेच असतात. कांहीं ठिकाणीं भिंती इतक्या जवळ येतात कीं आकाशाची नुसती फीत दिसते. पाण्यानें गुळगुळीत केलेल्या खडकांवर वळणावळणाच्या रेषा उमटल्या आहेत. एखाद्या ठिकाणीं भिंतींतून कढत पाणी झिरपतें आणि त्या जागीं हात लावतांच तो मागें घ्यावा लागतो. काळ्या ज्वालामुखी कांचेचे तुकडेही या परिसरांत सांपडतात.

परंतु या घळीचें सौंदर्य व तिचा धोका एकाच गोष्टींतून निर्माण झालेले आहेत. ज्या पाण्यानें तिला घडविलें, तें पाणी कधींतरी परत येतें. वरच्या बाजूस दूर कोठें तरी मुसळधार पाऊस होतो. घळींत मात्र ऊन असतें. तें सारें पाणी या अरुंद नळींत उतरलें कीं थोड्याच वेळांत भिंतीसारखा लोंढा येतो आणि उभ्या कड्यांमुळें माणसाला वर चढण्यास जागा सांपडत नाहीं. एप्रिल २०१२ मध्यें अशा लोंढ्यांत सहलीस आलेल्या तरुणमंडळींपैकीं सात जण मृत्युमुखीं पडले. सप्टेंबर २०१९ मध्यें पुन्हां सात जीव गेले व त्यानंतर घळ प्रवाशांना बंद करण्यांत आली होती. म्हणून घळींत उतरण्यापूर्वीं फाटकावर चौकशी करणें, आकाश केवळ डोक्यावरचें नव्हे तर दूर डोंगरांवरचेंही पाहणें, आणि वनरक्षकानें नको म्हटलें तर मुकाट्यानें परत फिरणें हें शहाणपणाचें होय. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पावसाचा काळ. जून ते सप्टेंबर व जानेवारी-फेब्रुवारी हे महिने त्या मानानें कोरडे. तरीही २०१९ ची दुर्घटना सप्टेंबरांत घडली, हें विसरतां कामा नये.

आतां शेवटचा प्रश्न. उद्यानांतून चालतांना डोंगरांमागून पांढऱ्या वाफेचे लोट उठतांना दिसतात. तें ओलकारियाचें वीजकेंद्र. जमिनींत मुरलेलें पाणी तप्त खडकांपर्यंत पोहोंचतें व तेथें त्याची वाफ कोंडून राहते. कित्येक ठिकाणीं दोन-तीन किलोमीटर खोल भोकें पाडून ती वाफ वर आणतात व तिच्यावर यंत्रें फिरवितात. येथील पहिलें १५ मेगावॅटचें यंत्र १९८१ सालीं, म्हणजे उद्यानाच्या स्थापनेपूर्वीं तीन वर्षें, सुरू झालें. पुढें केंद्रें वाढत गेलीं. २०१४ सालीं एकट्या चौथ्या केंद्रानें १४० मेगावॅटची भर घातली. आज केनियाच्या एकंदर विजेपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक वीज भूगर्भांतील उष्णतेपासून मिळते व तिचा फार मोठा वांटा ओलकारियाचा आहे. कोळसा न जाळतां, पावसावर अवलंबून न राहतां मिळणारी ही वीज एका गरीब देशाला किती मोलाची आहे, हें सांगावयास नको.

तथापि तिची किंमतही कोणीतरी देत असतें. वाफ वाहून नेणारे जाड नळ, रस्ते व तारा यांनीं या लहान भूमीचा बराच भाग व्यापला आहे. जिराफांना जातां यावें म्हणून कांहीं ठिकाणीं नळांना उंच कमानी दिल्या आहेत. पण कपारींतल्या गिधाडाला यंत्रांच्या आवाजापासून अशी कमान देतां येत नाहीं. २०१४ च्या सुमारास नव्या केंद्रासाठीं कांहीं मासाई वस्त्या हलविण्यांत आल्या. त्या लोकांच्या तक्रारी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत गेल्या आणि मध्यस्थी करावी लागली. सरोवराच्या कांठीं निर्यातीसाठीं फुलें पिकविणारीं विस्तीर्ण शेतें झालीं आहेत व त्यांच्या कुंपणांनीं जनावरांच्या पाण्याकडे जाण्याच्या जुन्या वाटा अडल्या आहेत. मोठ्या अरण्यांत अशी हानि पचून जाते. ६८ चौरस किलोमीटरांत ती लगेच जाणवते.

या तंट्यांत एक बाजू सर्वस्वीं खरी व दुसरी सर्वस्वीं खोटी असें म्हणतां येत नाहीं. जी उष्णता दिवे लावते, तिनेंच ते कडे उभे केले. जें पाणी वाफ होऊन यंत्र फिरवितें, त्याच सरोवराच्या पाण्यानें ती घळ कोरली. दोहोंचें मूळ एकच असल्यामुळें एकाला ठेवून दुसऱ्याला हांकलणें शक्य नाहीं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. नव्या भोंकाची जागा कड्यापासून किती दूर असावी, जनावरांची कोणती वाट मोकळी ठेवावी, वस्ती हलविण्यापूर्वीं कोणाला विचारावें, अशा बारीकसारीक निर्णयांवरच या उद्यानाचें भवितव्य ठरणार आहे. आणि त्या निर्णयांत प्रवाशाचाही थोडा हात आहे. कारण जोंवर लोक तेथें मोटारीचा आडोसा सोडून, झेब्र्याला वळसा घालून, पायीं चालण्यासाठीं येत राहतील, तोंवर ती भूमि केवळ वाफेची खाण आहे असें कोणालाही म्हणतां येणार नाहीं.