सहीवाचून हुकूम

वऱ्हाडातला कास्तकार कचेरीच्या हुकमाशी भांडत आला, तो हुकमाखाली कोणाची तरी सही असते या भरवशावर. फेरफार चुकीचा प्रमाणित झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि तेथेही पदरी निराशा आली तर नागपूर खंडपीठापर्यंतची वाट त्याला ठाऊक होती.

२०१७ साली हा भरवसा डळमळला. ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी, अशा भव्य आकड्यांनिशी त्या जूनमध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज कोणाचे माफ व्हावे, हे ठरविण्याचे काम गणकयंत्राकडे गेले: कास्तकाराने नवराबायकोचे आधार क्रमांक घेऊन सेवा केंद्रापुढे रांग धरावी, गावी चावडीवाचन व्हावे, आणि बँकांच्या खात्यांशी अर्जांची जुळणी करून यंत्राने हिरवी यादी काढावी, असा तो क्रम. १८ ऑक्टोबरला, ऐन नरकचतुर्दशीस, प्रमाणपत्रे वाटली गेली. पुढे एकच आधार क्रमांक अनेक खातेदारांच्या नावापुढे आढळला, यादी संकेतस्थळावरून उतरवावी लागली, आणि माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रधान सचिवांना रजेवर पाठविण्यात आले.

चूक झाली याचे मला नवल नाही. पटवारीही चुकतच असत. नवल कायद्याच्या अंगाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात बाजू ऐकून घेण्याचा आणि १९९० च्या एस. एन. मुखर्जी खटल्यात कारणे नोंदविण्याचा दंडक घातला, माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने निर्णयाची कारणे बाधित माणसास देणे २००५ पासून बंधनकारक केले. परंतु एखाद्याचे नाव ज्या जुळणीने गळाले ती यंत्राच्या आज्ञावलीत होती, आणि आज्ञावलीविरुद्ध अपील कोणाकडे करावयाचे, हे कोणत्याही कचेरीच्या फलकावर लिहिलेले नसते. मंत्रालयात अधिकारी रजेवर गेला म्हणून दर्यापूरच्या माणसाला कारण मिळत नाही.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत हा धडा निम्मा तरी गिरविला गेला: याद्या गावोगाव लागल्या, आणि आधार प्रमाणीकरणाच्या वेळी रक्कम अमान्य असल्यास तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाण्याची सोय झाली. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याच्यावर मात्र प्रमाणीकरणाची पाळीच येत नाही. त्याने चौथ्या कलमाचा हवाला देऊन वगळण्याचे कारण लेखी मागावे, आणि उत्तर आले की त्याखाली सही कोणाची आहे, ते आधी पाहावे.