परसबागेतील डेलिया : कंद जपावा, फुले दरवर्षी घ्यावीत

हिवाळी फुलझाडांत डेलियाइतके मोठे व भरदार फूल क्वचितच आढळते. हे झाड मूळचे मेक्सिकोतील डोंगराळ प्रदेशाचे. अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून १७९१ साली त्यास आजचे नाव मिळाले. १९६३ साली मेक्सिकोने त्यास आपले राष्ट्रीय फूल ठरविले.

डेलियास स्वच्छ ऊन, थंड रात्री व निचऱ्याची जमीन मानवते. नागपूरकडे अशी हवा वर्षातून जेमतेम चार महिने मिळते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात काळी जमीन पाणी धरून ठेवते. त्यामुळे हौसेने विकत आणलेले कंद एक हंगाम फुलून नष्ट होतात व पुढील वर्षी पुन्हा खर्च करावा लागतो. थोडी काळजी घेतल्यास हा खर्च टळतो.

कंदाची निवड : डेलियाचा कंद दिसावयास रताळ्यासारखा असतो, परंतु बटाट्याप्रमाणे त्याच्या अंगावर डोळे नसतात. डोळे असतात ते खोडाच्या बुंध्याशी. म्हणून बुंध्याचा तुकडा व निदान एक डोळा असलेलाच कंद लावावा. नुसता तुटलेला कंद कितीही जाड असला तरी उगवत नाही. गड्डा धारदार चाकूने कापावा, कापलेल्या भागास राख लावावी व तो एक दिवस सावलीत सुकू द्यावा.

लागवड : पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी. काळ्या जमिनीत सुमारे २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण वापरावे. मोठ्या फुलांच्या जातींत दोन झाडांमध्ये ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. मागाहून रोवल्यास कंदास इजा होते. कंद १० सेंटिमीटर खोल आडवा ठेवावा व अंकुर दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे.

निगा : तीन-चार पानांच्या जोड्या आल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. फूल मोठे हवे असल्यास प्रत्येक फांदीवर मधली कळी ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास पानेच माजतात. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पानांवर पिवळे चट्टे पडून झाड खुजे राहिल्यास तो विषाणूचा रोग समजावा. असे झाड उपटून नष्ट करावे व त्याचा कंद बियाण्यास ठेवू नये. पूर्ण उमललेले फूलच पहाटे कापावे. कापल्यावर कळी नीट उमलत नाही.

कंदाची साठवण : मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. खोड १५ सेंटिमीटर ठेवून कापावे व गड्डा न मोडता खणून काढावा. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मातीच्या मडक्यात कोरड्या वाळूत पुरावा. मडके घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या खोलीत ठेवावे. दर पंधरा दिवसांनी कंद तपासावेत. कुजलेले काढून टाकावेत. सुरकुतलेले दिसल्यास वाळूवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. पावसाळ्यात मडके जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे, म्हणजे ओल लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एकाच घरी हा प्रयोग करून दाखवावा. एका चांगल्या गड्ड्यापासून तीन-चार डोळ्यांचे तुकडे सहज मिळतात. त्यांतील एक स्वतःस ठेवून बाकीचे शेजाऱ्यांस दिल्यास दोन-तीन वर्षांत गावातील अनेक अंगणांत डेलिया फुलेल व कंदासाठी कोणास शहराची वाट धरावी लागणार नाही.