नोंदी, ओळी आणि रकाने : वेबपानावरील ग्रिडची मांडणी

एकाच प्रकारच्या अनेक गोष्टी संकेतस्थळावर दाखवायच्या असतात, तेव्हा त्या बहुधा सारख्या आकाराच्या चौकटींत, ओळीने मांडलेल्या दिसतात. दुकानातील साड्या, ग्रंथालयातील पुस्तके, जिल्ह्यातील पर्यटनस्थळे अशा प्रत्येक गोष्टीला एक चौकट मिळते आणि चौकटीत छायाचित्र, नाव व एकदोन वाक्यांची माहिती असते. अशा चौकटीला कार्ड आणि कार्डांच्या या मांडणीला ग्रिड म्हणतात. पाहणाऱ्याला ती साधी वाटते. ती नीट उभी राहायची तर मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कोणत्या नोंदी कोणत्या क्रमाने दाखवायच्या हे माहितीवर अवलंबून असते. एका ओळीत किती कार्डे बसतील हे पडद्याच्या रुंदीवर ठरते. या दोहोंची गल्लत झाली की पान बिघडते.

नोंदींची यादी आणि टेम्प्लेट

धाराशिव जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आहेत. वर्णानुक्रमे लावल्यास त्यांची यादी अशी होते : उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, नळदुर्ग, परंडा, भूम, मुरुम. शेवटी येणारे मुरुम हे उमरगा तालुक्यातील गाव. या आठ गावांचे पान करायचे झाल्यास आठ कार्डे हाताने लिहिण्याची गरज नसते. कार्डाचा सांगाडा एकदाच लिहायचा आणि ‘यादीतील प्रत्येक नोंदीसाठी हाच सांगाडा पुन्हा वापर’ अशी सूचना द्यायची. सांगाडा आणि सूचना ज्या फाइलीत असतात तिला टेम्प्लेट म्हणतात, तर नोंदी एकामागून एक घेत जाणाऱ्या सूचनेला लूप म्हणतात.

ही पद्धत आज सर्वत्र रुळली आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ च्या सुमारास जँगो ही प्रणाली आकाराला आली. ती २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि तिची टेम्प्लेटे याच तत्त्वावर चालतात. पुढे आलेली जिंजा, ट्विग, लिक्विड ही टेम्प्लेट-साधनेही तेच करतात. आपल्याकडील जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या सेवेतून तयार होतात. तेथेही टेम्प्लेटे तयार असतात आणि प्रत्येक जिल्हा आपापल्या नोंदी भरतो. त्यामुळे एका जिल्ह्याच्या पानावर तुळजापूर आणि परंड्याचा किल्ला दिसतो, दुसऱ्याच्या पानावर आणखी काही, पण मांडणीची घडी तीच राहते.

माहिती वेगळी ठेवण्याचा फायदा नामांतराच्या वेळी स्पष्ट दिसतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या नावाने यादी लावली तर उस्मानाबाद दुसऱ्या क्रमांकावर, उमरग्याच्या लगेच मागे येत असे. एका ओळीत तीन कार्डे असतील, तर पहिली ओळ उमरगा, उस्मानाबाद, कळंब अशी होती आणि तुळजापूर दुसऱ्या ओळीत होते. नवे नाव चौथ्या क्रमांकावर जाते. कळंब एक घर पुढे सरकते, तुळजापूर पहिल्या ओळीत येते आणि धाराशिव दुसऱ्या ओळीच्या आरंभी बसते. ओळी हाताने लिहिलेल्या असतील तर ही सारी उचलठेव करावी लागते. टेम्प्लेट असेल तर यादीतील एक नाव बदलले की पुरते, बाकीचे आपोआप होते.

तक्ता कोणता, ग्रिड कोणते?

आडव्या ओळी आणि उभे रकाने दिसले म्हणजे ते कार्डांचे ग्रिड असतेच असे नाही. बाराखडीच्या तक्त्यात प्रत्येक ओळ एका व्यंजनाची आणि प्रत्येक रकाना एका स्वराचा असतो. ‘कु’ हे अक्षर ‘खु’च्या बरोबर वरच यायला हवे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्येही प्रत्येक रकाना एका वाराचा असतो. अशा ठिकाणी रकान्याला स्वतःचा अर्थ असल्याने घरे सरकवता येत नाहीत. म्हणून वेबपानावरही तेथे तक्त्याचीच खूण वापरायची असते.

नगरपरिषदांच्या कार्डांचे तसे नाही. कळंबच्या खाली नळदुर्ग आले ते केवळ ओळीत तीन कार्डे बसली म्हणून. चार बसली असती तर कळंबखाली परंडा आले असते. येथे रकान्याला अर्थ नाही, अर्थ आहे तो फक्त क्रमाला. एखाद्या मांडणीसाठी तक्ता वापरावा की ग्रिड, हे ठरवण्याची ही सोपी कसोटी आहे.

टेम्प्लेटमध्ये ओळी पाडण्याची जुनी रीत

वेबच्या पहिल्या दशकात मांडणीसाठी सोयीची साधने नव्हती. सीएसएस या मांडणीच्या भाषेची कल्पना हॉकन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि तिची पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. तरीही पुढे बराच काळ पानाची सारी रचना तक्त्यांतूनच केली जाई. नंतर ‘फ्लोट’ हा गुणधर्म वापरात आला. तो मुळात चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा यासाठी होता. त्याने कार्डे शेजारी-शेजारी बसत, पण त्यांची उंची सारखी नसली की घोटाळा होई. उमरग्याचे कार्ड शेजारच्या दोन कार्डांपेक्षा उंच असेल, तर पुढच्या ओळीत डावीकडे यायचे धाराशिव त्या उंच कार्डाला अडून कळंबच्या खालीच थांबे आणि उमरग्याखालची जागा मोकळी राही.

यावर उपाय म्हणून दर तीन कार्डांभोवती ओळीचे एक वेष्टन घालत. ते टेम्प्लेटच्या लूपमध्येच घालावे लागे. नोंदीच्या क्रमांकाला ३ ने भागायचे, बाकी १ उरली तर ओळ उघडायची, बाकी ० उरली तर बंद करायची. उमरगा पहिले, म्हणून ओळ उघडली. तुळजापूर तिसरे, म्हणून बंद झाली. धाराशिवला उघडली, परंड्याला बंद झाली. भूमला पुन्हा उघडली. मुरुम आठवे, बाकी २, आणि यादी संपली. ती ओळ बंद करणारे कोणीच उरले नाही. आता पानावर पुढे जे काही असेल, म्हणजे संपर्काचा पत्ता, तळपट्टी, सगळे त्याच उघड्या ओळीत शिरते आणि मुरुमच्या शेजारी तिसऱ्या कार्डासारखे जाऊन बसते.

ही चूक चटकन सापडत नाही. महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या यादीवर हेच टेम्प्लेट तपासले तर ते निर्दोष वाटते, कारण जिल्हे ३६ आहेत आणि ३६ ला ३ ने पूर्ण भाग जातो. २, ४ आणि ६ नेही जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होण्यापूर्वी जिल्हे ३५ होते. त्या यादीवर हीच चूक लगेच उघडी पडली असती. म्हणून लूप संपल्यावर उघडी राहिलेली ओळ बंद करण्याची सूचना वेगळी लिहावी लागते. जिंजा आणि ट्विगमध्ये यापेक्षा नेटका मार्ग आहे : यादीचे आधीच तीन-तीनचे गट पाडून देणारे ‘बॅच’ नावाचे साधन. त्यात प्रत्येक गट ही एक पूर्ण ओळ असते, शेवटच्या गटात दोनच नोंदी असल्या तरी ती व्यवस्थित बंद होते.

ओळ पडद्याच्या हाती

फोनवरून संकेतस्थळे पाहिली जाऊ लागली तशी या रीतीची दुसरी अडचण पुढे आली. टेम्प्लेटने तीनची ओळ पाडली, पण हातातल्या फोनवर एकच कार्ड मावते. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्यानुसार बदलणाऱ्या रचनेचा विचार मांडला आणि ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटरमधील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप हा संच खुला केला. त्यात पानाच्या रुंदीचे बारा भाग करतात. बाराला २, ३, ४ आणि ६ ने भाग जात असल्याने कार्डाला चार भाग दिले की ओळीत तीन कार्डे बसतात, तीन भाग दिले की चार. फोनसाठी बाराही भाग एकाच कार्डाला देता येतात.

खरी मोकळीक २०१७ मध्ये मिळाली. त्या वर्षी मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत आणि ऑक्टोबरमध्ये एजमध्ये सीएसएस ग्रिड ही सोय आली. आता टेम्प्लेटने ओळी पाडण्याची गरजच राहिली नाही. टेम्प्लेट आठ नोंदींची सरळ यादी देते आणि मांडणीच्या भाषेत एकच नियम लिहिला जातो : रकाना किमान २४० पिक्सेलचा असावा, दोन कार्डांमध्ये १६ पिक्सेलची फट असावी आणि जितके रकाने मावतील तितके करून उरलेली रुंदी समान वाटून घ्यावी.

पुढचा हिशेब ब्राउझर करतो. ग्रिडला ११०० पिक्सेल रुंदी मिळाली तर चार रकाने मावतात आणि प्रत्येक कार्ड २६३ पिक्सेलचे होते, म्हणजे आठ गावांच्या दोन भरलेल्या ओळी. ७६८ पिक्सेलमध्ये तीन रकाने मावतात, तिसऱ्या ओळीत भूम आणि मुरुम येतात आणि एक घर रिकामे राहते. ३६० पिक्सेलच्या फोनवर एकच रकाना बसतो आणि आठ कार्डे एकाखाली एक येतात. या तिन्ही ठिकाणी टेम्प्लेट तेच असते. बंद न झालेल्या ओळीची भीतीही उरत नाही, कारण टेम्प्लेटमध्ये ओळ नावाची गोष्टच नसते.

या नियमाचे दोन प्रकार आहेत. ‘ऑटो-फिल’मध्ये नोंदी कमी पडल्या तरी रिकाम्या रकान्यांची जागा राखून ठेवली जाते. ‘ऑटो-फिट’मध्ये ते रकाने मिटतात आणि असलेली कार्डे पसरतात. शोधात एकच गाव सापडले, तर दुसऱ्या प्रकारात त्याचे कार्ड पडदाभर ताणले जाते. म्हणून ज्या यादीतील नोंदींची संख्या सतत बदलते तिच्यासाठी पहिला प्रकार बरा.

मराठी मजकुराच्या गरजा

देवनागरी अक्षरे शिरोरेषेच्या वर आणि खालीही पसरतात. ‘नळदुर्ग’ या एका शब्दात खाली उकार आहे आणि वर रफार. रोमन लिपीच्या मापाने कार्डातील नावाच्या चौकटीची उंची बांधली तर उकार कापला जातो आणि ‘मुरुम’चे ‘मरुम’ दिसू लागते. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट ठेवावी आणि नावाच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नये.

मजकूर तोडतानाही काळजी घ्यावी लागते. परिचय सर्व कार्डांत सारखा दिसावा म्हणून टेम्प्लेट ठरावीक अक्षरांनंतर तो कापते. संगणकाच्या लेखी ‘नळदुर्ग’ हा शब्द सात चिन्हांचा आहे, कारण उकार आणि हलंत ही त्याच्यासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. सहा चिन्हांवर कापले तर ‘नळदुर्’ असे लोंबकळते रूप उरते. मजकूर कापायचाच असेल तर तो शब्दांच्या मोजणीने कापावा.

क्रमाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि साधी क्रमवारी त्या क्रमांकांनुसार लागते. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग आणि ‘व’च्या आधी येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे राज्यातील तालुक्यांच्या यादीत कळंब हे कवठे महांकाळच्या आधी लागते, खरे तर ते नंतर यायला हवे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये आले आणि त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा आहे. भांड्यांच्या दुकानाच्या पानावर ‘ॲल्युमिनियमचे पातेले’ म्हणूनच सर्वांत शेवटी जाऊन पडते. यावर उपाय उपलब्ध आहे : क्रमवारी लावताना भाषा मराठी असल्याचे सांगितले की मराठीसाठी ठरवलेला क्रम वापरला जातो. हे काम नोंदी टेम्प्लेटकडे जाण्यापूर्वी करावे.

सर्वांना वाचता यावे म्हणून

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनाचा उपयोग करतात. ते साधन पडद्यावरील जागा पाहत नाही, टेम्प्लेटने दिलेला क्रम वाचते. कार्डे यादीच्या खुणेत लिहिली असतील तर ते ‘आठ नोंदींची यादी’ असे आधी सांगते आणि ऐकणाऱ्याला अंदाज येतो. सीएसएस ग्रिडमध्ये कार्ड दिसायला हवे तेथे हलवता येते, पण तसे केल्यास दिसणारा क्रम आणि ऐकू येणारा क्रम वेगळे होतात. क्रम बदलायचा तर तो यादीतच बदलावा. प्रत्येक छायाचित्राला त्यात काय आहे हे सांगणारी ओळही हवी.

छायाचित्रांचे प्रमाण, उदाहरणार्थ ४ : ३, आधीच ठरवून दिले की ती उमटताना कार्डे खाली-वर उडत नाहीत. नोंदी शेकड्याने असतील तर पानागणिक १२ किंवा २४ दाखवाव्यात, म्हणजे दोन, तीन वा चार रकान्यांत प्रत्येक भरलेल्या पानाची शेवटची ओळ पूर्ण राहते.

तयार टेम्प्लेट तपासताना सोयीची यादी घेऊ नये. एकही नोंद नसताना, एकच असताना, आठ असताना आणि नऊ असताना, फोनवर आणि मोठ्या पडद्यावर, सर्वांत लांब नाव घालून पान पाहावे. नोंद नसेल तेव्हा कोरी जागा न ठेवता ‘अद्याप माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिलेले दिसावे. या सर्व अवस्थांत कार्डे क्रमाने आली, अक्षरे कापली गेली नाहीत आणि पानाचा बाकीचा भाग जागच्या जागी राहिला, म्हणजे टेम्प्लेट वापरण्याजोगे झाले.