बुरशी, भिंग आणि जयणा

कोळवणच्या खोऱ्यात पाऊस बसला की चार महिने भिंतींची ओल हटत नाही. मुळशी तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पश्चिमेकडून आलेले ढग पुण्यास पोहोचण्यापूर्वी बरेचसे येथेच रिते होतात. व्यापारी माणसाला या ओलीचा स्वभाव ठाऊक असतो. गुळाच्या ढेपा फळीवर, मिठाची पोती भिंतीपासून हातभर दूर, पापड-खाखरे घट्ट झाकणाच्या डब्यात. दाजींच्या किराणा दुकानामागील घरात माझ्या ताईने ही व्यवस्था आयुष्यभर काटेकोरपणे पाळली. त्यातून सुटली ती एकच वस्तू, लोखंडी कपाटात चामड्याच्या पेटीत ठेवलेला दाजींचा कॅमेरा.

तो याशिका मॅट १२४ जी. वर-खाली दोन भिंगे असलेला, पोटाशी धरून वरून आत पाहावयाचा. परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्या काळात दाजींनी मुंबईच्या बोरा बाजारातून तो जुनाच विकत घेतला होता. घरातील सारी लग्ने, पारणी, वरघोडे त्याच कॅमेऱ्याने टिपले. पुढे त्याची झडप मंद वेगावर अडकू लागली, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. दोन दिवस झडप सुरेख चालली, तिसऱ्या दिवशी कायमची बसली. दाजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी कॅमेरा पेटीत ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर घसारा लावून त्याची किंमत खात्यावर एक रुपया उरली होती.

गेल्या वर्षी ताईचे वर्षीतप पूर्णत्वास येत होते. अक्षय तृतीयेस उसाच्या रसाने पारणे व्हावयाचे होते. त्या प्रसंगाची छायाचित्रे आजोबांच्याच कॅमेऱ्याने, फिल्मवर काढायची, असा हट्ट नातवाने धरला. आम्ही पेटी उघडली. आतून चामड्याचा कुबट वास आला. झडप तेलाने चिकटलेली होतीच. पुढच्या भिंगात विजेरीचा झोत तिरपा सोडून पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू काठापासून मध्यापर्यंत पसरलेले.

हीच बुरशी. सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की तिचे बीजकण रुजतात. काच हे तिचे अन्न नव्हे. काचेवरील बोटांचे ठसे, धूळ, वंगणाची वाफ यांवर ती जगते. चामड्याची पेटी तर तिला ओल आणि अन्न दोन्ही पुरवते. तिच्यातून पाझरणारी आम्ले भिंगावरील पातळ लेप आणि पुढे काचही कुरतडतात. तंतू पुसता येतात, कुरतडलेला व्रण पुसता येत नाही.

मी साहित्य मांडू लागलो तेव्हा ताईने विचारले, “यात अनंत जीव आहेत, हे तुला माहीत आहे ना?”

प्रश्न रास्त होता. ईरियावहियं सूत्रात ज्यांच्या विराधनेबद्दल आपण मिच्छा मि दुक्कडं म्हणतो, त्यांत ‘पणग’ हा शब्द आहे. पणग म्हणजे हीच शेवाळ-बुरशी. मी म्हणालो, “तसे ठेवले तर ती वाढतच राहील, शेजारच्या भिंगांतही जाईल. तू नको म्हणालीस तर पेटी बंद करतो.” ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दोष आपल्या प्रमादाचा आहे. चार पावसाळे पेटी उघडून कुणी पाहिले नाही. कर, पण पुन्हा उगवू द्यायची नाही.” त्या दिवशी सायंकाळच्या प्रतिक्रमणाला मी तिच्या शेजारी बसलो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. या कॅमेऱ्यात फोकस करताना दोन्ही भिंगांची पाटी एकत्र पुढे-मागे सरकते, म्हणून चित्र घेणाऱ्या भिंगाचा पुढचा भाग रबरी बुचाने घट्ट धरून फिरवून काढला तरी फोकस बिघडत नाही. भिंगच फिरवून फोकस होणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्यांत मात्र आट्यांची मूळ जागा आधी खूण करून ठेवावी लागते. ती चुकली की दूरचे डोंगर कधीच स्पष्ट येत नाहीत. जपानी कॅमेऱ्यांचे अधिक-चिन्हाचे स्क्रू दिसतात नेहमीसारखे, पण त्यांची खाच वेगळ्या मापाची असते. साधा पेचकस वापरला की डोके गुळगुळीत होते आणि काम तेथेच थांबते.

बुरशीसाठी तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समभाग घेतले. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, कापडाला किंचित लावून पुसले. भिंग द्रावणात बुडवले नाही. दोन काचा डिंकासारख्या द्रव्याने जोडलेल्या असतात, तो सांधा ओला होता कामा नये. जुन्या काळी हे द्रव्य कॅनडा बाल्सम, म्हणजे एका सूचिपर्णी वृक्षाची राळ असे. सांधा सुटला तर काठाशी इंद्रधनुषी डाग दिसतो. तो घरी दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने, मध्यापासून काठाकडे. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी. तोंडाने फुंकर मारणे किंवा कोरडे उपरणे फिरवणे हे भिंगावर वाळूकागद घासण्यासारखेच आहे. वरच्या भिंगामागील आरशाचा चांदीचा लेप काचेच्या पुढील बाजूस असतो. त्याला मी हातच लावला नाही.

राहिला माझा तेलाचा थेंब. झडपेची पाती पूर्ण कोरडी असावीत. त्यांना वंगण लागत नाही, हे मला तेव्हा कळले असते तर! लायटरमध्ये घालतात त्या शुद्ध पेट्रोलने पाती तीन वेळा धुतली, प्रत्येक वेळी वाळू दिली. दुसऱ्या दिवशी एक सेकंदाच्या वेगाने झडप किरकिरत उघडली आणि मिटली. तो आवाज ओळखून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

भिंगाच्या मागील पृष्ठावर एक व्रण मात्र राहिला, तांदळाच्या दाण्याएवढा. थोडी धूळ, एखादा ओरखडा यांनी चित्राचे काही बिघडत नाही. असा व्रण मात्र समोरून उजेड आला की धुरकट झाक देतो. म्हणून भिंगावर पुढे छत्री लावली आणि नातवाला खिडकीकडे पाठ करून उभे राहायला सांगितले. फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे. (फिल्मच्या लेपात प्राणिज जिलेटिन असते. ताईला मी ते सांगितले. तिने ‘एकच गुंडाळी’ असे ठरवून टाकले.) अकरा चित्रे उत्तम आली. बाराव्यात नातू नियम विसरला. रसाचा प्याला ओठाशी नेणारी ताई आणि मागे खिडकीची पसरलेली पांढरी आभा. घरात भिंतीवर लागले आहे ते हेच.

चामड्याची पेटी त्याच आठवड्यात घराबाहेर गेली. ती आपल्या घरात इतकी वर्षे कशी राहिली, हा प्रश्न वेगळाच. कॅमेरा आता पारदर्शक, रबरी कडेच्या डब्यात असतो. सोबत छोटा आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे मी टाळले, त्यांतील कोबाल्ट क्लोराइड विषारी असते. डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवू नये, त्यांची वाफ भिंगावर बसते. आर्द्रता चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवी. फारच कोरड्या हवेत वंगण वाळते. हिवाळ्यात भिंगांना अधूनमधून ऊन दाखवणे चांगले. पण कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर भिंग उतरवूनच, कारण सूर्यकिरण एकवटून पडदा जळतो.

दर चौदशीला, पाक्षिक प्रतिक्रमणापूर्वी, नातू डबा न उघडता बाहेरूनच आकडा पाहतो. गेल्या आषाढात कपाटात ८४ आणि डब्यात ४६ होते. श्रावणात खडे हिरवे पडले, तेव्हा त्याने ते स्वयंपाकाच्या नव्हे, वेगळ्या ठेवलेल्या पत्र्याच्या ताटलीत तापवून पुन्हा नारिंगी केले आणि मला कोळवणहून फोन करून सांगितले, “मामाआजोबा, आज बेचाळीस.”