फ्लशिंगचं मौनघर

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगमध्ये, नॉर्दर्न बूलेव्हार्डच्या वर्दळीत, १६९४ साली बांधलेलं एक लाकडी प्रार्थनागृह उभं आहे. आत वेदी नाही, क्रूस नाही, प्रवचनासाठी व्यासपीठही नाही; नुसते बाक. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी इथे येतात आणि गप्प बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल, मग ती बाई असो की पुरुष, त्याने उठून बोलावं आणि पुन्हा बसावं. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या आत आहे, मग मध्ये पुरोहित कशाला, हा त्यांचा साधा सवाल.

अशा निरुपद्रवी माणसांची धास्ती का वाटावी? कारण क्वेकर न्यायालयात शपथ घेत नसत, अधिकाऱ्यासमोर टोपी काढत नसत, शस्त्र उचलत नसत. सतराव्या शतकातली राज्यं शपथ, मुजरा आणि फौज यांवरच तर चालत. मॅसॅच्युसेट्सने १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फासावर लटकवलं. त्यांत मेरी डायर नावाची एक बाईही होती.

फ्लशिंग तेव्हा डचांच्या न्यू नेदरलँड वसाहतीत होतं, वस्ती मात्र बहुतेक इंग्रजांची. १६४५च्या सनदेने त्यांना हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धेची मोकळीक दिली होती. पण एका लाकडी पायाचा, करड्या शिस्तीचा गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने क्वेकरांना घरात आसरा देणाऱ्यांवर दंड बसवला. २७ डिसेंबर १६५७ रोजी तीसेक गावकऱ्यांनी त्याला लेखी कळवलं की हा हुकूम आम्हाला पाळता येणार नाही. ज्यू आणि तुर्कसुद्धा आदमचीच लेकरं, तेव्हा दारी आलेल्याला आम्ही हाकलणार नाही, असा त्या निवेदनाचा आशय. सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते असं मानलं जातं, आणि मला या कागदाचं खरं मोल त्यातच दिसतं. आपल्या धर्मासाठी भांडणारे पुष्कळ असतात; शेजाऱ्याच्या धर्मासाठी तुरुंगाची वाट कोण धरतो? निवेदन लिहिणारा गावचा कारकून एडवर्ड हार्ट आणि ते पोचवणारा शेरीफ टोबायस फीक, दोघांनाही अटक झाली. निवेदन तिथेच दडपलं गेलं.

कोंडी फुटली ती जॉन बाउनमुळे. १६६२ मध्ये या शेतकऱ्याने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरू दिली. दंड भरायला साफ नकार दिल्यावर त्याला हद्दपार करून जहाजात चढवलं. बाउनने ॲमस्टरडॅम गाठून थेट वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे दाद मागितली. १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला लिहिलं: शांतपणे राहणाऱ्यांच्या श्रद्धेवर जबरदस्ती नको. कारणही दडवलं नाही. छळ झाला तर नवे वसाहतदार येणार कसे? अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या पहिल्या विजयांपैकी या एकामागे व्यापाऱ्यांचा हिशेब होता, हे कबूल करायला हवं. विजयाचं मोल त्याने घटत नाही.

बाउन परतला. १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांच्या हाती गेली. क्वेकर त्याच्याच घरी जमत राहिले, ते प्रार्थनागृह उभं राहीपर्यंत. पुढे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश सैन्याने या प्रार्थनागृहाचा तुरुंग आणि इस्पितळ म्हणून वापर केला. युद्ध संपल्यावर मंडळी पुन्हा बाकांवर येऊन बसली, आजही बसतात.

बाउनचं नाव दिलेल्या रस्त्यावर त्याचं घर आहे, आणि त्याच बाउन स्ट्रीटवर १९७७ साली प्रतिष्ठापना झालेलं, न्यूयॉर्कच्या मराठी मंडळींना चांगलंच ठाऊक असलेलं गणपतीचं देऊळही. दर्शनाला जाल तेव्हा ते घर आणि प्रार्थनागृह पाहूनच या.