समजून घेऊ या : दोन कोनांचा काप आणि सुताराची बोटे

वर्धा : पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यात झाला. योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. करवतीची जागा विजेवरची यंत्रे घेत असताना मायटर सॉ सुरक्षित कशी वापरायची, हे कळणे गरजेचे झाले आहे.

दोन कोनांचा काप म्हणजे काय?

मायटर सॉचा तक्ता फिरवला की एक कोन मिळतो, पाते कलवले की दुसरा. दोन्ही एकाच वेळी केले की ‘कंपाउंड’ काप होतो. भिंत आणि छत यांच्या सांध्यावरची नक्षीपट्टी, म्हणजे क्राउन मोल्डिंग, तिरपी बसते. ती तक्त्यावर आडवी ठेवून कापायची तर असा काप लागतो.

आकडे कोणते?

पट्टी भिंतीशी 38 अंशांत बसणारी आणि कोपरा काटकोनी असेल, तर तक्ता 31.6 आणि पाते 33.9 अंशांवर ठेवावे. 45 अंशांच्या पट्टीला हेच आकडे 35.3 आणि 30 होतात.

सोपा मार्ग आहे का?

आहे. तक्ता म्हणजे छत आणि मागची आधारपट्टी म्हणजे भिंत समजून मोल्डिंग उलटे, तिरपे टेकवावे. मग पाते सरळच राहते, फक्त तक्ता 45 अंशांवर फिरवावा लागतो. मात्र पट्टी यंत्राच्या उंचीत मावली पाहिजे. कोपरा आधी गुण्याने तपासावा. तो 92 अंशांचा निघाला, तर 45 ऐवजी 44 अंश लावावेत. पहिला काप नेहमी टाकाऊ तुकड्यावर घ्यावा.

धोका नेमका कुठे?

पाते कलले की त्याची वाट बदलते. सरळ कापात सुरक्षित असलेली हाताची जागा आता पात्याखाली येऊ शकते. म्हणून यंत्र बंद ठेवून, प्लग काढून पाते एकदा खाली आणून पाहावे. ते आधारपट्टीला लागत असेल, तर पट्टीचा वरचा भाग सरकवावा. हात पात्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर हवेत आणि एकमेकांवरून आडवे जाऊ नयेत. आखूड तुकडा हाताने न धरता शिकंजात आवळावा. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवावे. काप झाला की बटण सोडावे, पाते थांबू द्यावे, मगच वर उचलावे. सुटलेला तुकडाही त्यानंतरच काढावा.

आणखी काय जपावे?

चष्मा लावावा. हातमोजे आणि सैल बाह्या टाळाव्यात, कारण पाते त्यांच्यासह हात ओढते. लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, त्यामुळे मास्कही हवा. सांधा चुकला तर नवी पट्टी आणता येते. बोटाचे तसे नसते.